वीस मिनिटांच्या दुपटीवर भट्टीसरकारांची स्वारी

वाचणाऱ्या थोरामोठ्यांस पीठमाखल्या हातांचा मुजरा. खासगीकडील सरकार मालकीणबाई यांचा हुकूम जाहला की, परीक्षेची ती हकिकत येणाऱ्याजाणाऱ्यास तोंडी सांगून तुम्ही लोकांचा आणि आमचा जीव खाता, तरी ती एकवार कागदावर उतरवावी आणि विषय संपवावा. हुकूम शिरसावंद्य. बखर लिहिणे तर दरबारी कारकून पाहिजे, तो या दौलतीत नाही. सबब ज्याची बखर त्यानेच लेखणी धरिली. आपली पाठ आपणच थोपटावी हा बखरीचा रिवाज बखरकारास ठाऊक आहे, तथापि थोपटण्याजोगे या मोहिमेत फारसे काही न सापडल्याने हात बहुतेक वेळ कपाळावरच राहिला. जे घडले ते येणेप्रमाणे.

भट्टीसरकार यांची दौलत म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावरची एक बेकरी, आणि तिच्या पाठीस लागून घर. पुढे काचेचे कपाट आणि गल्ला, मध्ये विटांची भट्टी, मागे पिठाच्या गोण्यांची खोली आणि तीत लाकडी मेज, आणि त्या मेजावर भट्टीसरकारांच्या आजोबांनी, मग वडिलांनी, मग खुद्द सरकारांनी पीठ मळिले, आणि प्रत्येक दिवशीच्या पिठातला एक गोळा उद्याच्या खमिरासाठी राखून ठेविला, ऐसा त्या गोळ्याचा वंश तीन पिढ्या अखंड चालिला. फौज म्हणावी तर मळणीवाले दोघे, तोफखाना म्हणावा तर भट्टी एक. पहाटे चारला स्वारी मेजाशी उभी राही, सहाला पहिले पाव निघत, आणि पीठ किती फुगले हे पाहण्यास सरकारांनी घड्याळाकडे कधी पाहिले नाही. बोट रुतवून पाहावे, खळगा हळूहळू भरून आला तर पीठ तयार, हे त्यांचे शास्त्र. या शास्त्रावर राज्य सुरळीत चालले असता एके दिवशी सरकारी कचेरीतून फर्मान आले.

फर्मानाचा मजकूर ऐसा की, जेथे जेथे खाण्याचे जिन्नस भाजले जातात तेथे तेथे अन्नसुरक्षेची परीक्षा उत्तीर्ण झालेला एक इसम असावा, तो इसम दहा वर्षे भट्टीवर राबलेला असावा, परीक्षा पन्नास गुणांची, उत्तीर्ण होण्यास पंचवीस, संधी दोन, दोन्ही वेळा शिकस्त खाल्ल्यास भट्टीस मोहोर लागेल आणि परीक्षा उत्तीर्ण झालेला परका कारागीर आणून बसवीतोवर ती निघणार नाही. सरकारांनी चष्मा पुसून फर्मान दोनदा वाचले आणि आपल्या आजोबांच्या मेजापाशी कोणी परका उभा राहून आपणांस 'काका, जरा बाजूला व्हा' म्हणतो आहे ऐसे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आले, आणि त्या दिवशी त्यांस दोन घास कमी गेले.

चिरंजीवांस पाठवावे तर त्यांस पिठाने शिंका येतात, एकदा सुरू झाल्या की चाळीसपर्यंत थांबत नाहीत, म्हणून ते बापाचे राज्य सोडून वीज कचेरीत चाकरीस गेले. मळणीवाले दोघे आले त्यास अद्याप सात वर्षेच जाहली. मग उरले कोण, तर खुद्द स्वारी. वय छप्पन, शिक्षण दहावीपर्यंत, त्यातही गणितात जेमतेम काठावर, आणि तो काठ गुरुजींनी दयेने जरा अलीकडे ओढल्याची वदंता.

परीक्षेचे पुस्तक आणविले. तीस गुणांचा मुलूख सोपा होता. हात धुवावे, केस झाकावे, शिळे ताज्यात मिसळू नये, हे सर्व सरकारांस मुखोद्गत. उरल्या वीस गुणांवर मात्र एक बेलाग किल्ला उभा होता, त्याचे नाव 'जंतूंच्या वाढीची गणिते'. पहिलाच प्रश्न ऐसा की, एका भांड्यात शंभर जंतू आहेत, ते दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात, तर तीन तासांनी किती? सरकारांस हसू आले. मेजावर मैदा भुरभुरला, आणि त्यात बोटाने आकडे लिहिले, कारण कागद त्यांस आवडत नसे: तीन तासांत वीस मिनिटे नऊ वेळा; दुप्पट म्हणजे दोन; नऊ दुणे अठरा; शंभराचे अठराशे. पाव मिनिटात किल्ला सर. पुस्तकामागे उत्तर पाहिले तर एकावन्न हजार दोनशे. सरकारांनी विचार केला, छापणाऱ्याच्या हातून चूक होते, माणूस आहे, आणि उदार मनाने त्यास माफ केले.

पुढील तीन प्रश्नांतही छापणारा चुकला. तेव्हा मालकीणबाईंनी आतून फर्माविले की, घरात गणित शिकविणारी सून असता छापखान्याशी भांडण कशास? सूनबाई शाळेत आठवी-नववीस गणित शिकवीत. परंतु सासऱ्याने सुनेपुढे पाटी घेऊन बसावे हा प्रसंग भट्टीसरकारांच्या घराण्यात पूर्वी कधी आला नव्हता. मग मालकीणबाई वकील जाहल्या, आणि स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात तीन फेऱ्या करून त्यांनी तह घडविला: रोज दुपारी तीन ते चार, भट्टी निवल्यावर, मागल्या खोलीत. सूनबाईंनी शिकवावे; त्यास शिकविणे म्हणू नये, 'सोबत बसणे' म्हणावे.

आता सूनबाईंचा स्वभाव सांगणे प्राप्त आहे. लग्न होऊन दीड वर्ष जाहले, इतक्या काळात त्यांनी सासऱ्याच्या शब्दास उलट शब्द केला नाही. चहात साखर नसली तरी 'छान आहे' म्हणाव्या. बाबा म्हणून हाक मारावी, पदर नसला तरी मान तेवढी खाली. ऐसी सून मिळणे भाग्याचे, ऐसे सरकार चारचौघांत सांगत. ती मेजापाशी येऊन बसली, सरकारांनी आपले अठराशे दाखविले, तिने ते पाहिले, आणि बोलली, "बाबा, जवळ आलंय."

अठराशे आणि एकावन्न हजार दोनशे यांत जेवढे अंतर, तेवढेच त्या घरात सासरा आणि सुनेत होते. ते ओलांडावे कैसे हे तिला कळेना, आणि अंतर आहे हे सरकारांस कळेना. त्यांनी ऐकिले एवढेच की जवळ आले. मग तिने हळूच म्हणावे, "असंही करतात, बाबा," आणि मैद्यात दोनशे, चारशे, आठशे ऐसी रांग लिहू लागावे, तो सरकारांनी मान डोलवून "हं, हं, ती तुमची शाळेतली पद्धत" म्हणावे आणि तळव्याने मेज पुसून टाकावे. तिने म्हणावे, "तुमची पद्धत वेगळी आहे, बाबा." सरकारांस वाटावे, वेगळी पद्धत काढणारे पुरुष जगात थोडेच. गल्ल्यावर येणाऱ्या गिऱ्हाइकांस ते सांगू लागले की आम्ही गणितात स्वतंत्र पद्धत काढिली आहे, सूनबाईंनीही कबूल केले आहे.

मग पिठाचा प्रश्न आला. एक लिटर पीठ दर पाऊण तासाने दुप्पट फुगते, तर सहा तासांनी किती? हा प्रश्न वाचून सरकार खवळले. तीस वर्षे ज्याने पिठात कोपरापर्यंत हात घातले त्यास कोणी खुर्चीतला विद्वान पीठ शिकवितो! त्यांनी सूनबाईंस अर्धा तास समजाविले की, पीठ एकदा फुगते, मोडून मळले तर दुसऱ्यांदा फुगते, तिसऱ्यांदा मरगळते, आणि सहा तास ठेवलेत तर बसते आणि आंबूस वास येतो, मग ते पीठ नव्हे, पश्चात्ताप. सबब उत्तर: काही नाही, टाकून द्यावे. सूनबाई मन लावून ऐकत होत्या. बोलल्या, "प्रत्यक्षात तुमचं बरोबर आहे, बाबा." या वाक्यातील पहिला शब्द सरकारांच्या कानावर आला आणि बाहेरच्या बाहेर रवाना जाहला.

ऐसी तीन आठवडे जय्यत तयारी होऊन पहिली स्वारी निघाली. इस्त्रीचा सदरा, खिशात दोन पेने, मालकीणबाईंनी दिलेला रुमाल. परीक्षा एका शाळेच्या वर्गात होती. बाक लहान, सरकारांचे पोट मोठे, ऐसी अडचण होऊन ते तिरपे बसले. प्रश्नपत्रिका उघडून पाहतात तो पहिल्याच पानावर पीठ! आकडे तेवढे बदललेले. सरकारांस आनंदाचे भरते आले आणि त्यांनी पीठ का बसते या विषयावर सव्वा पान लिहिले, आणि हवेचा ओलावा, मैद्याची जात, मळणाऱ्याची वृत्ती यांचाही परामर्श घेतला, आणि शेवटी परीक्षकास सल्ला दिला की एकदा येऊन पाहावे. उरलेले प्रश्न आपल्या स्वतंत्र पद्धतीने सोडवून स्वारी तासभर आधीच बाहेर पडली.

आठ दिवसांनी निकाल आला. सोप्या मुलुखातील तीसपैकी एकवीस. किल्ल्यावरील वीसपैकी शून्य. एकूण एकवीस, शिकस्त. दुसरी आणि शेवटची संधी तीन आठवड्यांनी.

त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलेना. सूनबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माझंच चुकलं, बाबा," आणि त्यांचे डोळे भरले. सरकारांनी "तुझं काय चुकलं?" ऐसे तोंडाने म्हटले, मनात मात्र म्हणत होते की, जवळ आलंय, जवळ आलंय म्हणालीस, ते जवळ म्हणजे हेच का? राग कोणावर काढावा हे न कळून त्यांनी तो पिठावर काढिला, आणि दुसऱ्या दिवशीचे पाव ऐसे निघाले की एक गिऱ्हाईक ते परत घेऊन आले आणि त्याने पुसिले, भिंत बांधायची आहे का. बखरकार हे लपवू शकला असता. परंतु गिऱ्हाईक हयात आहे.

पुढे दोन दिवसांनी सूनबाई शाळेत जाताना आपला चष्मा घरी विसरल्या. मालकीणबाईंचा हुकूम सुटला, अहो, तेवढा पोचवून या. सरकार चष्मा खिशात घालून निघाले, शाळेचे दोन जिने चढले, धापा टाकीत वर्गाच्या खिडकीशी पोचले, आणि आत हाक मारणार तो आतून ऐसा आवाज आला की त्यांस वाटले वर्ग चुकला. डोकावून पाहतात तो सूनबाईच. फळ्यापाशी एक मुलगी खडू धरून उभी, आणि फळ्यावर लिहिलेले अठराशे.

"चूक! साफ चूक!" सूनबाई कडाडल्या. "नऊ वेळा दुप्पट म्हणजे नऊ दुणे अठरा? डोकं काय घरी ठेवून आलीस? उत्तर नको मला. पायऱ्या लिही."

मुलगी लिहू लागली. पहिल्या वीस मिनिटांनी दोनशे, मग चारशे, मग आठशे, मग सोळाशे, आणि तेथे ती थबकली आणि ओरडली, "बाई, चौथ्या वेळेलाच सोळाशे झाले!"

"मग नवव्याला अठराशेच कसे होतील? सांग ना!"

मुलगी हसली, वर्ग हसला, सूनबाईही हसल्या, आणि रांग बत्तीसशे, चौसष्टशे करीत फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत एकावन्न हजार दोनशेवर जाऊन थांबली. खिडकीबाहेर भट्टीसरकार बोटांवर मोजीत होते. त्यांचीही बोटे चौथ्या वेळी थबकली. दर खेपेस शंभराचे दोन पट मिळवीत नाहीत, जे झाले असेल त्याचेच दुप्पट करितात, ही गोष्ट छप्पन वर्षांत त्यांस कोणी सांगितली नव्हती ऐसे नाही. चूक आहे ऐसे मात्र कोणी सांगितले नव्हते. त्या मुलीस चूक म्हणणारे कोणी होते म्हणून ती पाव घटकेत सुटली. आपणांस तीन आठवडे मान मिळाला. या विचाराने त्यांस त्या मुलीचा हेवा वाटला, खराखुरा, पोटातून. तैसेच पाऊल न वाजविता ते जिने उतरले आणि चष्मा खिशातच ठेवून घरी आले. सूनबाईंनी तो दिवस डोळे बारीक करून काढिला.

दुपारी तीन वाजता मागल्या खोलीत तहाची बोलणी पुन्हा सुरू जाहली, या खेपेस वकिलावाचून. सरकारांनी प्रथम चष्मा परत केला, मग शाळेची हकिकत कबूल केली, आणि हुकूम सांगितला की, तीन ते चार या वेळात या खोलीत सासरा कोणी नाही. चूक असेल तेथे चूक म्हणावे.

सूनबाईंचा चेहरा उतरला. "नाही जमणार मला, बाबा. जीभच नाही वळायची. आणि आई आत आहेत."

"मी काही ऐकत नाहीये," मालकीणबाई आतून म्हणाल्या. "बोल खुशाल."

"अगं, त्या पोरीला साफ चूक म्हणतेस," सरकार काकुळतीस आले, "मग मीच तुझं काय घोडं मारलंय? भट्टी जाईल माझी. मान घेऊन काय करू मी, त्यात पाव भाजू?"

हे शेवटचे बोलताना त्यांचा आवाज फाटला. सूनबाईंनी तो ऐकिला आणि मेज पुसून घेतले. मग मैदा भुरभुरला आणि एक प्रश्न घातला. सरकारांनी तो सोडविला, आणि त्यात जे करू नये तेच केले. सूनबाईंनी ओठ दोनदा उघडून मिटले, आणि मग, लहान मूल झोपेतून उठू नये इतक्या हलक्या आवाजात, म्हणाल्या, "चूक."

आत स्वयंपाकघरात पळी खाली पडली. सरकारांनी "कुठे?" ऐसे पुसिले, आणि बोट धरून दाखवावे तैसी सूनबाईंनी ती जागा दाखविली, आणि त्या दिवशी प्रथमच तळव्याने मेज पुसण्यापूर्वी सरकारांनी आपली चूक नीट पाहिली. मग पिठाच्या कोठीच्या दारावर त्यांनी खडूने एक रेघ ओढिली.

दुसऱ्या दिवशी दोन वेळा 'चूक' आले. तिसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी आठ, आणि त्यांतील दोन 'साफ चूक'. जीभ एकदा वळली ती वळली. पाचव्या दिवशी सोळा जाहले आणि मळणीवाले दोघे काम टाकून दाराआड ऐकत उभे राहिले, त्यांस सरकारांनी हाकून लाविले. मग घाम पुसून स्वारी कोठीच्या दारापाशी गेली आणि रेघांकडे पाहत राहिली. एक, दोन, चार, आठ, सोळा. सरकारांची मुद्रा पालटली. त्यांनी मेजावर मैदा भुरभुरला, या खेपेस कोणी न सांगता, आणि बोटाने लिहू लागले: सहावा दिवस बत्तीस, सातवा चौसष्ट, आठवा एकशे अठ्ठावीस, नववा दोनशे छप्पन्न, दहावा...

"पाचशे बारा!" सरकार दचकून म्हणाले. "सूनबाई, याच हिशेबानं गेलीस तर दहाव्या दिवशी तू मला पाचशे बारा वेळा चूक म्हणशील! तासाभरात! म्हणजे दर सात सेकंदांना एक!"

सूनबाईंनी मेजावरची रांग खालून वरपर्यंत तपासली. पुन्हा वरून खालपर्यंत तपासली.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

तीन आठवडे रोज तोंडभर 'बरोबर' आणि 'छान' खाल्लेल्या सरकारांस या एका शब्दाने जे वाटले ते बखरकारास लिहिता येत नाही. एवढेच लिहितो की, ज्या तोंडातून एकतीस वेळा चूक निघाली होती त्याच तोंडातून तो निघाला, म्हणून तो खरा होता. परंतु स्वभावास औषध नाही. लगेच सरकारांनी शंका काढिली की, पण इतके होणार नाहीत, आधीच तुझा घसा बसेल.

"प्रत्यक्षात बसेल, बाबा," सूनबाई म्हणाल्या. "पीठही प्रत्यक्षात बसतं. पण गणित पीठ कसं आहे हे विचारतच नाही. ते एवढंच विचारतं, याच चालीनं गेलं तर काय होईल?"

"मग तसं स्पष्ट लिहायला काय होतं त्यांना?"

"चूक. लिहिलेलं असतं. तुम्ही अर्धाच प्रश्न वाचता."

रेघा मोजल्या तर ही बत्तिसावी 'चूक' होती. त्या रात्री सरकार पिठाचे गणित मनात करीत झोपी गेले, आठ खेपा दुप्पट, दोनशे छप्पन्न लिटर, आणि एवढे पीठ ठेवावे कशात या चिंतेत त्यांस मध्येच जाग आली.

पुढे टक्क्यांची लढाई जाहली, ती विस्ताराने लिहीत नाही, कारण तीत स्वारीची शोभा नाही. दर तासास दहा टक्के वाढ तर तीन तासांत किती, यास सरकारांनी सलग चार दिवस तीस टक्के म्हटले आणि सलग चार दिवस मार खाल्ला. शेवटी सूनबाईंनी शंभर बिस्किटे मेजावर मांडविली, त्यांत दहा घातली, मग त्या एकशे दहांचा दहावा हिस्सा म्हणून अकरा घातली, तेव्हा स्वारीस उमगले की वाढलेलेही वाढते. तिसऱ्या तासास बारा बिस्किटे आणि वर एका बिस्किटाचा दहावा तुकडा मोडून ठेवावा लागला. एकशे तेहेतीस आणि तो तुकडा. तुकडा सरकारांनी खाल्ला, आणि उत्तर तपासताना तो कमी भरला, आणि पुन्हा 'चूक' ऐकून घेतली.

दुसऱ्या स्वारीच्या दिवशी मालकीणबाईंनी रुमाल दिला, चिरंजीव दुचाकीवरून पोचविण्यास आले, आणि सूनबाई शाळेतून अर्धी रजा काढून फाटकाशी उभ्या राहिल्या. बाक तेच, पोट तेच. प्रश्न ऐसा की, केकवरच्या मलईत चारशे जंतू आहेत, दर अर्ध्या तासास दुप्पट होतात, संख्या एक लाखावर गेली की मलई खाण्यास अपायकारक. तर किती तासांनी? सरकारांच्या मनात तत्काळ उत्तर आले की वास घेऊन पाहावा. ते उत्तर हातात आले, पेनाच्या टोकाशी आले. मग त्यांनी स्वतःस हलक्या आवाजात सांगितले, "चूक. पायऱ्या लिही." शेजारच्या बाकावरील इसमाने चमकून पाहिले. सरकारांनी पायऱ्या लिहिल्या: आठशे, सोळाशे, बत्तीसशे, चौसष्टशे, बारा हजार आठशे, पंचवीस हजार सहाशे, एकावन्न हजार दोनशे, आणि हा जुना गनीम समोर येताच त्यांनी त्यास ओळखून मान लवविली आणि पुढे गेले, एक लाख दोन हजार चारशे. आठ खेपा, म्हणजे चार तास. खाली दोन रेघा ओढिल्या. शेवटी मात्र स्वारीस राहवले नाही, आणि त्यांनी कंसात लिहिले की, हे गणितापुरते. शहाणा कारागीर मलई बाहेर ठेवीतच नाही.

बाहेर आले तो सूनबाईंनी फाटकातच गाठले आणि पुसिले, किती आलं? सरकारांनी चार तास म्हणताच तिने मनात मोजिले, आणि भर रस्त्यात सासऱ्याचा हात धरून तो जोराने हलविला, आणि मग आपण काय केले हे ध्यानी येऊन सोडिला. सरकारांनी तोच हात पुन्हा पुढे केला.

निकाल आला. सोप्या मुलुखातील तीसपैकी बावीस, किल्ल्यावरील वीसपैकी सतरा, तीन गुण टक्क्यांच्या चकमकीत पडले. एकूण एकोणचाळीस. भट्टीस मोहोर लागली नाही. त्या दिवशीचे पाव मऊ निघाले आणि भिंत बांधू पाहणारे गिऱ्हाईक दोन डझन घेऊन गेले.

येणेप्रमाणे बखर संपली. रिवाजाप्रमाणे शेवटी विजयाची नोंद करावी म्हणून भट्टीसरकारांनी पुढील वाक्य लिहिले: 'पहिल्या स्वारीत शून्य, दुसऱ्या स्वारीत सतरा, सबब पराक्रमाची वाढ सतरा पट.' आणि सर्व कागद तपासण्यासाठी सूनबाईंपुढे ठेविले. त्यांनी लाल पेन घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचले, दोन ठिकाणी हसल्या, एके ठिकाणी नाक ओढिले, आणि शेवटच्या वाक्यावर काट मारून समासात लिहिले: 'साफ चूक. शून्याची सतरा पट शून्यच, बाबा. शून्य कितीही वेळा दुप्पट केलं तरी वाढत नाही. सुरुवातीला एक तरी लागतो.'

सरकारांनी ते तीनदा वाचले. तो एक कोणता, हे त्यांस विचारावे लागले नाही. तो त्यांनी एका दुपारी, अगदी हलक्या आवाजात, स्वतःच्या कानांनी ऐकिला होता. मग त्यांनी दुरुस्ती मान्य केली आणि नोंद नव्याने लिहिली, ती ऐसी: मोहीम फत्ते. भट्टी चालू आहे. सून घरात मोठ्याने बोलते.